पोटखराब ते कांदळवन : कोकण किनाऱ्याच्या नकाशांचे एक परीक्षण

१

महाराष्ट्राचा समुद्रकिनारा किती लांब आहे, या प्रश्नाचे ७२० किलोमीटर हे उत्तर शालेय पुस्तकांच्या द्वारे अनेक पिढ्यांनी पाठ केलेले आहे. केंद्र शासनाच्या कागदपत्रांत मात्र हा आकडा दीर्घकाळ ६५२.६ किलोमीटर असा दिला जात असे, आणि त्याला १९७० च्या दशकातील मोजणीचा आधार होता. २०२४ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या नव्या मोजणीत तोच किनारा ८७७.९७ किलोमीटर ठरला. याच मोजणीने संपूर्ण भारताचा किनारा ७,५१६.६ किलोमीटरांवरून ११,०९८.८१ किलोमीटरांवर नेला. गोव्याचा किनारा तर १०१ वरून १९३.९५ वर, म्हणजे जवळजवळ दुपटीवर गेला.

या पन्नास वर्षांत समुद्र वाढला नाही की भूमीही लांबली नाही. बदलले ते मोजण्याचे परिमाण. जुनी मोजणी ४५ लाखांस एक या प्रमाणाच्या नकाशावर झाली होती. नवी अडीच लाखांस एक या प्रमाणावर झाली. पहिल्या नकाशात ज्या खाड्या, नदीमुखे व खडकाळ भूशिरे यांवरून रेषा सरळ पुढे जात होती, त्यांच्या आत शिरून नव्या रेषेला वळणे घ्यावी लागली. जसजसे परिमाण सूक्ष्म होत जाईल तसतशी ही लांबी आणखी वाढत जाईल. सारांश, किनाऱ्याची लांबी हा केवळ किनाऱ्याचा गुणधर्म नसून किनारा आणि मोजणारा या दोहोंच्या संबंधातून निर्माण होणारी ती एक संख्या आहे.

भूगोलशास्त्रज्ञांना ही गोष्ट नवीन नाही. परंतु जेव्हा नकाशा हा केवळ ज्ञानाचे साधन न राहता संरक्षणाचा आधार बनतो, कोणते झाड तोडू नये, कोणत्या चिखलात भराव घालू नये, कोणत्या पुळणीवर दिवे लावू नयेत हे जेव्हा नकाशावरील रेषेने ठरू लागते, तेव्हा ह्या साध्या गणिती सत्याला वेगळेच गांभीर्य प्राप्त होते. अशा वेळी नकाशा हाही एक लेख आहे असे समजून त्याची चिकित्सा करणे आवश्यक ठरते. कोणत्याही लेखाविषयी जे प्रश्न विचारले जातात तेच त्यालाही विचारले पाहिजेत. तो कोणी लिहिला? कोणासाठी लिहिला? त्याची परिभाषा कोणती? त्याने काय सांगितले आणि काय गाळले? कोकण किनाऱ्यावरील कांदळवने, उघडा चिखल व कासवांच्या पुळणी यांच्या संदर्भात हे प्रश्न उपस्थित करणे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

कोकण किनाऱ्याचे शेतवार वर्णन करणारा पहिला आधुनिक लेख म्हणजे महसुली मोजणीचे दप्तर. गोल्डस्मिड व विंगेट यांनी १८३५-३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यातून जी पद्धत सुरू केली, तिचा विस्तार पुढे सर्व मुंबई इलाख्यात झाला. जमिनीचे सर्व्हे नंबर पाडावयाचे, प्रत्येक नंबराची प्रत ठरवावयाची व तीवरून आकार बसवावयाचा, हे या पद्धतीचे सूत्र होते. ज्या भागात पीक येत नाही तो भाग आकारणीतून वगळावा लागे. त्याला दप्तरात ‘पोटखराब’ हे नाव मिळाले आणि ते आजही गावच्या सातबाऱ्यावर टिकून आहे.

हा शब्द बारकाईने पाहण्याजोगा आहे. नंबराच्या पोटात असलेली, पण खराब असलेली जमीन, असा त्याचा सरळ अर्थ. ‘खराब’ हा निर्णय येथे निसर्गाविषयी नाही. तो साऱ्याविषयी आहे. नांगराला जे दाद देत नाही ते खराब, एवढेच दप्तराला म्हणावयाचे होते. आपल्या मर्यादित हेतूपुरते ते अप्रामाणिकही नव्हते. उलट, जेथे उत्पन्न नाही तेथे कर नको, ही रयतेला सवलतच होती. अडचण उत्पन्न झाली ती पुढे. साऱ्याच्या हिशेबासाठी केलेले वर्गीकरण जेव्हा जमिनीच्या स्वरूपाचे वर्णन म्हणून वाचले जाऊ लागले, तेव्हा ‘आकारणीस अयोग्य’ याचा अर्थ ‘निरुपयोगी’ असा झाला. आणि निरुपयोगी जागा भरून काढावयास कोणाची हरकत असणार?

वस्तुतः किनाऱ्यावरील बोलीला ही जमीन मुळीच निनावी नव्हती. भरतीचे पाणी जेथवर शिरते त्या दलदलीच्या भूमीला ‘खाजण’ म्हणत. तिच्यात वाढणाऱ्या झाडांना स्वतंत्र नावे होती. खाऱ्या चिखलातून पेन्सिलींसारखी श्वसनमुळे वर काढणारे तिवर, कमानीसारख्या आधारमुळांवर उभे राहणारे कांदळ, पाण्याच्या अगदी कडेला येणारी चिपी, शिवाय काजळा आणि काटेरी पानांची मारांडी. या नावांत वर्गीकरण आहे, आणि ते वर्गीकरण स्थानाचेही आहे. पाणी कोठवर चढते व किती वेळ राहते हे ठाऊक असल्याखेरीज कोणते झाड कोठे उभे असेल हे सांगता येत नाही. तथापि मोजणीच्या दप्तराने ‘खाजण’ हा एक शब्द उचलला आणि बाकीचे सोडून दिले, कारण तिवर आणि चिपी यांतील भेदाने आकारात फरक पडत नव्हता.

हे खाजण बांध घालून भातशेतीखाली आणले गेले म्हणजे मात्र दप्तराची दृष्टी एकदम तीक्ष्ण होई. कुलाबा जिल्ह्यात पेणच्या परिसरात खाडीच्या जमिनीला बांध घालणारा व तो राखणारा शिलोत्रदार, त्याचा हक्क, त्याला बिघ्यामागे मिळणारे धान्य, या सर्वांची तपशीलवार नोंद जुन्या कागदपत्रांत सापडते. १९४८ चा खार जमिनींविषयीचा मुंबईचा कायदा व त्यानंतर महाराष्ट्रात १९७९ मध्ये झालेला खारजमीन विकासाचा कायदा हे याच दृष्टीचे उत्तराधिकारी होत. गोव्यात ‘खाजन’ या शब्दाने मुळातच बांध घातलेली, मानशीतून पाणी आत-बाहेर सोडली जाणारी शेती सूचित होते, हेही येथे ध्यानात घेतले पाहिजे. एकच शब्द दोन शेजारी प्रदेशांत दोन भिन्न भूमींना लागू पडतो, म्हणून केवळ शब्दावरून नकाशा काढणे किती धोक्याचे आहे, हे त्यावरून कळून येते.

३

महसुली मोजणीच्या समांतर, पण तिच्याहून अगदी वेगळ्या प्रेरणेने, प्राणिसृष्टीची पाहणी चालली होती. मुंबई येथे १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९११ मध्ये सस्तन प्राण्यांचे सर्वेक्षण हाती घेतले. त्याचा पहिला प्रदेश खानदेश होता, ही गोष्ट मराठी वाचकाला विशेष वाटण्यासारखी आहे. या सर्वेक्षणाची पद्धत नमुने गोळा करण्याची होती. प्राणी मारावयाचा, कातडे व कवटी जतन करावयाची, त्यावर स्थळ व दिनांक यांची चिठ्ठी लावावयाची. त्यामुळे कोणता प्राणी कोठे आढळतो हे निश्चित झाले. तो तेथे कसा राहतो याचे उत्तर मात्र कातड्याजवळ नव्हते.

ही उणीव ज्यांच्या कार्याने भरून निघू लागली त्यांत सालिम अली यांचे स्थान अग्रगण्य आहे. अलिबागजवळच्या किहीम येथे १९३० मध्ये त्यांनी सुगरण पक्ष्याच्या विणीचे जे निरीक्षण केले, त्यात घरट्याखाली बसून पाहणे हेच प्रमुख साधन होते. त्यानंतर हैदराबाद संस्थानात व पुढे त्रावणकोर-कोचीनमध्ये त्यांनी केलेल्या पक्षिसर्वेक्षणांत नमुने घेण्याची जुनी रीत सुटलेली नसली, तरी जातींच्या यादीबरोबर अधिवास, वीण व वर्तन यांच्या नोंदींना महत्त्वाचे स्थान मिळाले. पाहणीचा प्रश्न ‘काय आहे’ यापासून ‘कशामुळे आहे’ याकडे वळला. संरक्षणाच्या दृष्टीने दुसरा प्रश्नच अधिक मोलाचा. कारण प्राणी वाचवावयाचा म्हणजे तो ज्या कारणांमुळे तेथे आहे ती कारणे वाचवावयाची.

या परंपरेची मर्यादाही नमूद केली पाहिजे. तिने स्थळे सांगितली, सीमा सांगितल्या नाहीत. ‘खाडीच्या कडेने सर्वत्र आढळतो’ असे वाक्य अभ्यासकाला पुरेसे असते. न्यायालयाला किंवा नगररचनाकाराला ते पुरत नाही. त्याला कोणत्या सर्व्हे नंबरात, किती क्षेत्रावर, हे हवे असते. पोटखराबाच्या दप्तरापाशी सीमा होती पण जीवसृष्टी नव्हती. निसर्गाभ्यासकाच्या वहीत जीवसृष्टी होती पण सीमा नव्हती. हे दोन लेख दीर्घकाळ एकमेकांना न भेटता राहिले, आणि त्या दरम्यानच्या काळात मुंबई व ठाणे येथील खाजणांवर भरावामागून भराव पडत गेले.

४

हे दोन लेख एकत्र आणण्याची शक्यता उपग्रहाने निर्माण केली. भारतीय वन सर्वेक्षणाचा पहिला वनस्थिती अहवाल १९८७ मध्ये निघाला, आणि तेव्हापासून महाराष्ट्रातील कांदळवनांच्या क्षेत्राची एक मालिकाच उपलब्ध आहे. ती अशी : १९८७ मध्ये १४० चौरस किलोमीटर, १९८९ मध्ये ११४, १९९९ मध्ये १०८, २००३ मध्ये १५८, २०१५ मध्ये २२२, २०१७ मध्ये ३०४, २०२१ मध्ये ३२४ आणि २०२३ मध्ये सुमारे ३१५.

ही मालिका सरळ वाचली तर ती एका यशाची कथा वाटते. शतकाच्या अखेरीस तळाला गेलेले क्षेत्र पुढील दोन दशकांत तिपटीजवळ पोहोचले, असे तिच्यावरून म्हणता येईल. परंतु अहवालाचा वाचक केवळ आकड्यावर थांबणार नाही. तो परिमाणाकडे जाईल. १९८७ चा अहवाल दहा लाखांस एक या प्रमाणावर होता, आणि त्यात ४०० हेक्टरांहून लहान तुकडा स्वतंत्रपणे दाखविला जात नव्हता. १९८९ मध्ये प्रमाण अडीच लाखांस एक झाले व ही मर्यादा २५ हेक्टरांवर आली. २००१ पासून प्रमाण पन्नास हजारांस एक झाले व मर्यादा १ हेक्टरावर उतरली.

येथे थोडे गणित करून पाहणे उद्बोधक ठरेल. दहा लाखांस एक या नकाशावर ४०० हेक्टरांचा चौरस कागदावर दोन मिलिमीटर बाजूचा होतो. अडीच लाखांस एक या नकाशावर २५ हेक्टरांचा चौरस दोन मिलिमीटरांचाच होतो. आणि पन्नास हजारांस एक या नकाशावर १ हेक्टराचा चौरसही दोन मिलिमीटरांचाच. याचा अर्थ असा की, कोणते कांदळवन अस्तित्वात आहे हे ठरविणारी मर्यादा कांदळवनाच्या स्वभावातून आलेली नव्हती. ती कागदावर किती लहान खूण स्पष्टपणे उमटते व वाचता येते, यातून आलेली होती. कोकणातील खाड्या अरुंद, आणि त्यांच्या कडेची कांदळवने बहुधा चिंचोळ्या पट्ट्यांची. सुंदरबनासारख्या विस्तीर्ण वनाला जे परिमाण न्याय देते, ते सावित्री किंवा वाशिष्ठी नदीच्या मुखाजवळील पट्ट्याला न्याय देऊ शकत नाही.

यावरून १९९९ नंतरची सर्व वाढ खोटी आहे, असा निष्कर्ष कोणी काढील तर तेही अविचाराचे होईल. परिमाण सूक्ष्म झाल्याने लहान तुकडे गणतीत येतात हे खरे. पण त्याचबरोबर पूर्वी एकाच मोठ्या हिरव्या क्षेत्रात गणल्या गेलेल्या मोकळ्या जागाही वगळल्या जातात. १९८७ ते १९८९ या काळातील २६ चौरस किलोमीटरांची घट कितपत तोडीमुळे व कितपत मोजणीतील बदलामुळे, हे केवळ या दोन संख्यांवरून सांगता येणार नाही. २०१५ ते २०१७ या दोन वर्षांत परिमाणाची मर्यादा तीच असताना ८२ चौरस किलोमीटरांची, म्हणजे एक-तृतीयांशाहून अधिक वाढ नोंदली गेली. या काळात लागवड झाली, नैसर्गिक पुनरुज्जीवनही झाले, यात शंका नाही. परंतु चिखलात रुजलेले रोप दोन वर्षांत उपग्रहाला वनाच्छादन म्हणून दिसेल एवढे होत नाही. तेव्हा या वाढीपैकी काही भाग आधीपासून उभ्या असलेल्या, पण आता ओळखल्या गेलेल्या झाडांचा असला पाहिजे, असे अनुमान युक्त ठरते. ‘वाढले’ आणि ‘आढळले’ ही दोन क्रियापदे भिन्न आहेत. अहवालाच्या स्तंभात मात्र दोहोंसाठी अधिक हे एकच चिन्ह आहे.

याहूनही मूलगामी असा एक आक्षेप आहे. वनस्थितीचा अहवाल हिरवे मोजतो. खाडीच्या परिसंस्थेत मात्र हिरव्याइतकेच महत्त्व ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलाला आहे. ठाणे खाडीत गाळ साचून चिखलाचे पट्टे उंचावले आणि त्यांवर तिवरांनी बस्तान बसविले, हे गेल्या काही दशकांत अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. वनाच्या हिशेबात ही निव्वळ जमा आहे. परंतु याच खाडीत दर वर्षी जे रोहित पक्षी उतरतात, आणि अलीकडच्या काही हंगामांत ज्यांची संख्या लाखाच्या घरात गेली, ते झाडांवर राहत नाहीत; ते उथळ पाण्यात व चिखलात चरतात. लहान रोहिताचे मुख्य अन्न तर तेथील सूक्ष्म शैवाल आहे. चिखलावर वन चढले म्हणजे वनाच्या स्तंभात अधिक आणि रोहिताच्या चरणीत उणे, अशी स्थिती होते; आणि दुसऱ्या नोंदीसाठी अहवालात स्तंभच नाही.

६ ऑगस्ट २०१५ रोजी घोषित झालेल्या ठाणे खाडी रोहित अभयारण्याने हा तोल काही अंशी सावरला. त्याच्या सुमारे १,६९० हेक्टरांत ८९६ हेक्टर कांदळवन व ७९४ हेक्टर जलक्षेत्र यांचा समावेश आहे. म्हणजे झाडे नसलेल्या क्षेत्रालाही येथे प्रथमच सीमा मिळाली. २०२२ मध्ये या स्थळाला रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा प्राप्त झाला. असे असले तरी हा अपवाद आहे. उर्वरित किनाऱ्यावरील उघडा चिखल आजही बव्हंशी पूर्वीच्या पोटखराबाच्या जागी उभा आहे.

५

नकाशाला कायद्याचे बळ कसे प्राप्त झाले याचा विचार आता करावयाचा आहे. १९ फेब्रुवारी १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेने भरतीरेषेपासून ५०० मीटरांपर्यंतच्या पट्ट्यावर निर्बंध आणले, आणि कांदळवनांना सर्वाधिक संरक्षणाच्या वर्गात घातले. ‘भरतीरेषा’ हा शब्द त्या दिवसापासून केवळ कोळ्याच्या किंवा नाविकाच्या अनुभवाचा राहिला नाही. तो जमिनीच्या किमतीचा शब्द झाला. पुढे २०११ मध्ये व नंतर १८ जानेवारी २०१९ रोजी नव्या अधिसूचना आल्या. खाडीच्या काठचा निर्बंधित पट्टा आधी १०० मीटर किंवा खाडीची रुंदी यांपैकी जे कमी असेल तितका होता. २०१९ मध्ये १०० च्या जागी ५० आले.

महाराष्ट्राच्या दृष्टीने निर्णायक ठरला तो मुंबई उच्च न्यायालयाचा ६ ऑक्टोबर २००५ चा अंतरिम आदेश. एका पर्यावरणवादी संस्थेच्या याचिकेवर दिलेल्या या आदेशाने कांदळवनांतील तोड, भराव व बांधकामे थांबविली; मालकी कोणाचीही असो, कांदळवनाभोवती ५० मीटरांपर्यंत बांधकामास मनाई केली; आणि उपग्रहचित्रांच्या साहाय्याने नकाशे तयार करून शासकीय जमिनीवरील कांदळवने संरक्षित वने म्हणून घोषित करण्यास फर्माविले. १७ सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निकालात कांदळवनांचा नाश हा नागरिकांच्या जीविताच्या मूलभूत हक्काचा भंग होय, असे न्यायालयाने म्हटले. दरम्यान २०१२ मध्ये राज्याच्या वन विभागात स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन झाला. सातबाऱ्यावरील पोटखराब आणि अभ्यासकाच्या वहीतील तिवर यांची भेट अखेर या टप्प्यावर घडली. उपग्रहचित्रावरील हिरवी आकृती सर्व्हे नंबरांवर बसविली गेली, आणि ज्या जमिनीचे वर्णन दीडशे वर्षे ‘खराब’ असे होते तिच्यासाठी ‘वन’ हा शब्द वापरात आला. एका नकाशाने दुसऱ्या नकाशाचा शब्द खोडला, अशी उदाहरणे विरळाच.

या श्रेयाला उणेपणा न आणताही काही विसंगती दाखविणे प्राप्त आहे. २०१९ च्या अधिसूचनेप्रमाणे कांदळवन १,००० चौरस मीटरांहून अधिक असेल तर त्याभोवती ५० मीटरांचा संरक्षक पट्टा राखावयाचा आहे. १,००० चौरस मीटर म्हणजे एक-दशांश हेक्टर. राष्ट्रीय वनस्थिती अहवालाची मर्यादा १ हेक्टर आहे. म्हणजे कायदा ज्या तुकड्याला ओळखतो त्याच्या दहापट मोठा तुकडा असल्याखेरीज तो राष्ट्रीय गणनेत येत नाही. तसेच, पन्नास हजारांस एक या नकाशावर ५० मीटरांचा पट्टा म्हणजे एक मिलिमीटर. पंचवीस हजारांस एक या नकाशावर दोन मिलिमीटर. अर्ध्या मिलिमीटर जाडीची रेषाच या दुसऱ्या नकाशावर साडेबारा मीटर जमीन व्यापते. पट्टा रेषेच्या आतल्या कडेपासून मोजावयाचा की बाहेरच्या, हा प्रश्न तेव्हा शुष्क तांत्रिक राहत नाही. या कारणास्तव चार हजारांस एक या गावनकाशाच्या प्रमाणावर, जेथे ५० मीटरांना साडेबारा मिलिमीटर मिळतात, सीमा निश्चित करण्याला पर्याय नाही. आणि जेथे असे नकाशे झाले तेथेच संरक्षणाला खरा पाया मिळाला.

दुसरी विसंगती माणसांविषयीची आहे. मालवणचे सागरी अभयारण्य १३ एप्रिल १९८७ रोजी घोषित झाले. त्याचे क्षेत्र २९.१२२ चौरस किलोमीटर, आणि त्याच्या ३.१८२ चौरस किलोमीटरांच्या गाभ्यात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसराचा समावेश होतो. पाण्यावर काढलेल्या या सीमेच्या आत पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी चालत आली होती. मच्छीमारांनी या अभयारण्याला दीर्घकाळ विरोध केला, तो प्रवाळाविषयीच्या अनास्थेमुळे केला असे म्हणणे अन्यायाचे होईल. कोणत्या खडपावर कोणता मासा कोणत्या महिन्यात लागतो, रापण कोठे ओढावयाची, होड्या कोठे ओढून ठेवावयाच्या, कालवे व तिसऱ्या काढावयास बायका कोणत्या उधाणाच्या ओहोटीला कोठे जातात, हे सारे ज्या मनांत होते त्यांच्यापुढे आलेल्या नकाशात यांपैकी काहीही नव्हते. २०११ च्या अधिसूचनेने मच्छीमार वसाहती व त्यांच्या वहिवाटीच्या जागा किनारा आराखड्यांत दाखविण्याची अपेक्षा व्यक्त केली. परंतु कोळीवाड्यांच्या सीमांविषयीचे वाद त्यानंतरही मिटलेले नाहीत. जो नकाशा वहिवाट दाखवीत नाही तो वाचणाऱ्याला किनारा निर्जन वाटतो. आणि निर्जन वाटणाऱ्या जागेविषयीचे निर्णय तेथे राहणाऱ्यांना न विचारता घेतले जातात. हाच न्याय पोटखराबाला लागला होता.

६

उपग्रहाला न दिसणारे काय असते, याचे सर्वांत बोलके उदाहरण रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्याच्या वेळास गावाचे आहे. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेचे कार्यकर्ते २००२ मध्ये पांढऱ्या पोटाच्या समुद्री गरुडाच्या घरट्यांची पाहणी करीत किनाऱ्याने चालले होते. वेळासच्या पुळणीवर त्यांना कासवाच्या अंड्यांची कवचे आढळली. शोध गरुडाचा होता, सापडले कासव. ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री किनाऱ्यावर येते, वाळूत खड्डा करून अंडी घालते, तो बुजविते आणि समुद्रात परतते. सकाळी वाळूवर तिच्या येण्या-जाण्याचा माग तेवढा राहतो, आणि भरती तोही पुसते. अशा घटनेची नोंद आकाशातून होणे शक्य नाही. ती पहाटे चालणाऱ्याच्या नजरेलाच होते.

पुढे ग्रामस्थांच्या सहकार्याने घरटी राखण्याचे काम वेळासला सुरू झाले आणि कोकणातील इतर अनेक गावांनी ते उचलले. येथे पाहणी व संरक्षण यांत अंतर राहिले नाही. जो घरटे शोधतो तोच अंडी सुरक्षित जागी हलवितो, तोच दिवस मोजतो व पिल्ले समुद्राकडे सोडतो. त्याची वही हाच नकाशा असतो.

ही नोंद किती दूर पोहोचू शकते हे पुढील दोन गोष्टींवरून दिसून आले. २०२२ मध्ये वेळास, आंजर्ले व गुहागर येथे पाच मादी कासवांच्या पाठीवर उपग्रह-संदेशक बसविण्यात आले. पहिलीला ‘प्रथमा’ असे नाव देण्यात आले. २०२३ मध्ये गुहागरहून निघालेली ‘बागेश्री’ द्वीपकल्पाच्या दक्षिण टोकाला वळसा घालून श्रीलंकेकडून बंगालच्या उपसागरात गेली. याच्या उलट दिशेचा पुरावा जानेवारी २०२५ मध्ये मिळाला. ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ मध्ये ०३२३३ या क्रमांकाचा बिल्ला लावलेली मादी गुहागरच्या पुळणीवर अंडी घालताना आढळली. पूर्व व पश्चिम किनाऱ्यांवरील कासवांचे समूह वेगळे आहेत, हा समज यामुळे नव्याने तपासावा लागला. लक्षणीय गोष्ट अशी की, हा दुसरा पुरावा महागड्या साधनाने मिळालेला नाही. धातूचा एक लहान बिल्ला, आणि रात्री पुळणीवर जाऊन त्यावरील अंक वाचणारा कोणी एक, एवढ्यावर तो उभा आहे.

कासवाचा हा प्रवास नकाशावर सीमारेषेच्या रूपाने दाखविता येत नाही. त्याचे घर एका जिल्ह्यात नाही, एका राज्यात नाही, एका समुद्रातही नाही. मग त्याचे संरक्षण कोठे करावयाचे? त्याचे उत्तर असे की, जेथे ते हाती लागते तेथे. म्हणजे अंडी घालण्याच्या त्या एका रात्री, त्या हातभर वाळूत. एवढ्या मोठ्या प्रवासाला एवढी लहान जागा आधार देते, आणि ती जागा कोणत्याही शासकीय प्रमाणाच्या नकाशावर दोन मिलिमीटरांची होत नाही.

७

या विवेचनावर असा आक्षेप घेता येईल की, परिमाणाचे हे सर्व दोष तात्पुरते आहेत. साधने जसजशी सूक्ष्म होतील तसतसे ते आपोआप नाहीसे होतील. या म्हणण्यात तथ्य आहे, पण ते अर्धे आहे. साधन सूक्ष्म झाल्याने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर अधिक नेमके मिळते. न विचारलेल्या प्रश्नाचे मिळत नाही. हिरवे किती, हे विचारणाऱ्या उपग्रहाची नजर कितीही तीक्ष्ण केली तरी तो चिखलाविषयी बोलणार नाही. किनाऱ्याची लांबी ८७७.९७ किलोमीटरांपर्यंत नेमकी केली तरी त्या लांबीत कासवाची पुळण किती आणि रापणीची किती, हे त्यातून निघणार नाही.

म्हणून किनाऱ्याच्या प्रत्येक पाहणीकडून काही किमान अपेक्षा ठेवणे योग्य होईल. क्षेत्राच्या प्रत्येक आकड्याशेजारी त्याचे प्रमाण व त्याची लघुतम मर्यादा छापली जावी. मागील आकड्याशी तुलना करताना ‘वाढले’ आणि ‘आढळले’ यांचा हिशेब वेगळा मांडला जावा. झाडांबरोबर उघडा चिखल, पुळण व खडप यांनाही स्तंभ असावेत. स्थानिक नावे परिशिष्टात न टाकता नकाशावर घातली जावीत. महाराष्ट्राने २०२० मध्ये पांढऱ्या चिपीला राज्याचा कांदळवृक्ष म्हणून मान दिला. त्या नावामागे चिपी आणि तिवर यांतील भेद ओळखणाऱ्या पिढ्या आहेत हे विसरता कामा नये. आणि सीमा आखण्यापूर्वी, जे तेथे वावरतात त्यांच्या पायवाटा प्रथम आखल्या जाव्यात.

‘पोटखराब’ हा शब्द लिहिणाऱ्या कारकुनाच्या मनात किनाऱ्याविषयी दुष्टावा नव्हता. त्याला विचारलेल्या प्रश्नाचे त्याने प्रामाणिक उत्तर दिले होते. आजचा नकाशाकार त्याच्याहून किती तरी अधिक पाहू शकतो. परंतु आजच्या नकाशातील जी जागा कोरी राहील ती उद्याच्या वाचकाला रिकामीच वाटेल, हा नियम बदललेला नाही. वेळासच्या वाळूवरील कवचे २००२ पूर्वीही पडत असलीच पाहिजेत. ती पाहणारा तेथून चालत गेला तेव्हाच ती नोंदली गेली, आणि नोंदली गेली म्हणून पुढील हंगामाची अंडी राखली गेली.